७२ तासांची आपत्कालीन बॅग: नाशिकच्या घरात ती कितपत उपयोगी?

आपत्तीच्या वेळी चार माणसांच्या कुटुंबाला ७२ तास पुरेल, अशी जाहिरात असलेली तयार आपत्कालीन बॅग यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही ऑनलाइन मागवली. किंमत साडेपाच हजारांच्या आसपास. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. एक तर हीच यादी आणि हाच केशरी रंग असलेल्या बॅगा निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात, आणि दुसरे म्हणजे प्रश्न एका विक्रेत्यापेक्षा या बॅगांमागच्या कल्पनेचा अधिक आहे. परीक्षणासाठी कसोटी एकच ठेवली. पंचवटीत, नदीपासून फार लांब नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या, घरात सासूबाई आणि शाळकरी मुलगा असलेल्या कुटुंबाच्या हाती ही बॅग प्रत्यक्षात काय देते, एवढेच पाहिले.

मत आधीच सांगून टाकते. बॅगेतल्या निम्म्या वस्तू दर्जाने चांगल्या आहेत, परंतु ही बॅग घर सोडून जाण्यासाठी आहे की घरात अडकून राहण्यासाठी, हे ती बनवणाऱ्यांनी ठरवलेलेच दिसत नाही. ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. घर सोडायचे तर सामान इतके हलके हवे की ते खांद्याला लावून एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने वृद्ध माणसाला धरता आले पाहिजे. घरात राहायचे तर वजनाचा प्रश्न नसतो, साठा भरपूर लागतो. सात किलोंच्या आसपास वजनाची ही बॅग पहिल्या कामाला जड आणि दुसऱ्या कामाला अपुरी आहे.

नाशिकपुरते पाहिले तर हा भेद पुस्तकी राहत नाही. आपल्याकडचा सर्वांत परिचित मोठा धोका गोदावरीच्या पुराचा, आणि तो बहुतेक वेळा सांगून येतो. गंगापूर धरणातला विसर्ग वाढवण्याआधी जलसंपदा विभागाची सूचना निघते, गोदाघाटावर भोंग्यावरून पुकारा होतो, टपऱ्या हलतात, आणि उरलेले शहर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आले यावरून अंदाज बांधते. पाणी गुडघ्याला असेपर्यंत लोक पूर पाहायला जातात. ते छातीच्या वर चढू लागले की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले व्यापारी माल वरच्या फळ्यांवर न्यायला घेतात. १९६९चा महापूर जुन्या नाशिककरांच्या बोलण्यात अजूनही येतो, आणि त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ या पुरांनी घाटालगतची वस्ती आणि बाजारपेठ पाण्याखाली घातली होती. मात्र सगळेच पाणी धरणाचे नसते. धरणाच्या खालच्या बाजूला पडणारा पाऊस, नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या उपनद्या, शिवाय जुन्या शहराच्या पोटातून वाहणारा सरस्वती नाला हे सारे विसर्गाच्या सूचनेची वाट पाहत नाहीत, आणि दहीपुलाच्या परिसरातल्या दुकानदारांना जोराच्या सरीनंतर फार थोडा अवधी मिळतो. म्हणजे घर सोडण्याची वेळ आलीच तर हाताशी काही तास असतील किंवा काही मिनिटे; दोन्ही वेळा दारामागून उचलून निघता येईल अशीच पिशवी कामाची.

ज्यांच्या दारात पाणी येत नाही त्यांची अडचण वेगळी असते, आणि नाशिकमध्ये अशा लोकांची संख्या कितीतरी मोठी आहे. सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोडच्या वरच्या अंगाच्या सोसायट्या यांना पुराचे पाणी शिवत नाही, पण वीज जाते. गंगापूर धरणावरून शहराला पाणी उपसून आणावे लागत असल्यामुळे तिथली वीज गेली की नळ कोरडे पडतात. सोसायटीत खालची टाकी भरलेली असली तरी मोटर चालत नाही, लिफ्ट बंद पडते, आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाला दोन दिवस बादलीने पाणी चढवावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कित्येक कुटुंबे याहून वाईट अवस्थेत, खाली पाणी आणि वर आपण अशी दिवसेंदिवस अडकून पडली होती. अशा वेळी पाठीवरच्या बॅगेचा उपयोग फारसा नाही. स्वयंपाकघरात काय आहे यावर सगळे अवलंबून असते.

आता प्रत्यक्ष बॅग. कापड जाड आहे, पट्टे रुंद आहेत, छातीवरचे बक्कल एका हाताने उघडते, आणि परावर्तक पट्टी अंधारात टॉर्चच्या उजेडात चांगली चमकते. जाहिरातीत ती जलरोधक असल्याचे म्हटले आहे. न्हाणीघरात तिच्यावर बादलीभर पाणी हळूहळू ओतले, तेव्हा कापडातून थेंब आत गेला नाही, पण मुख्य चेनच्या शिवणीतून पाणी झिरपून तळाशी ठेवलेल्या वर्तमानपत्राची कड भिजली. ‘पावसात चालेल, पाण्यात नाही’ असे स्पष्ट छापले असते तर तक्रार नव्हती. आत भाजीवाल्याकडच्या जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून त्यात कपडे आणि कागद ठेवले की ही उणीव भरून निघते, आणि त्याला खर्चही नाही.

सर्वांत चांगली वस्तू म्हणजे हातळीने फिरवून चालणारा रेडिओ, ज्यात टॉर्च आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय एकत्र केली आहे. मोबाइल चार्ज करण्याचा दावा मात्र मनावर घेऊ नये. बराच वेळ हातळी फिरवून जेमतेम एखादा फोन करता येईल एवढेच चार्जिंग मिळते आणि मनगट भरून येते. रेडिओ म्हणून तो उत्तम आहे. आकाशवाणीचे नाशिक केंद्र घरात खिडकीपाशी स्वच्छ लागले. आजच्या काळात रेडिओ कशाला, असे विचारणाऱ्यांनी २६ जुलै २००५ची मुंबई आठवावी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली आणि मोबाइलचे जाळे कोलमडले. घरचा माणूस कुठे आहे हे रात्रभर कळायला मार्ग नव्हता. टॉवरची बॅटरी संपली की आपल्या फोनची बॅटरी पूर्ण असूनही उपयोग नसतो. सोबत दिलेली दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ठीक आहे, पण तिच्यावर छापलेला आकडा पूर्णपणे फोनपर्यंत पोहोचत नाही. बदलताना होणारी घट धरता साधारण फोन एकदा पूर्ण आणि पुढे थोडा, एवढेच गृहीत धरावे, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी काढून चार्ज करावी.

पाण्याच्या बाबतीत ही बॅग सर्वांत जास्त निराश करते. चार माणसांसाठी अर्ध्या लिटरच्या चार पाऊच आणि एक गाळण-नळी एवढाच सरंजाम आहे. पिणे आणि जेमतेम स्वयंपाक यांसाठी माणशी रोज तीन लिटर धरले तरी चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतात, म्हणजे फक्त पाण्याचेच वजन ३६ किलो. ते कोणत्याच बॅगेत मावणार नाही, हे मान्य. पण मग ‘७२ तास’ हा शब्द कशाच्या जोरावर छापला? गाळण-नळीचे समर्थन केले जाते की तिने कोणतेही पाणी पिता येते. अशा नळ्यांतल्या पोकळ तंतूंच्या गाळणीची छिद्रे जिवाणू अडवण्याइतकी बारीक असतात, परंतु बरेचसे विषाणू त्यातून पार होतात, आणि पाण्यात विरघळलेली रसायने तर अडतच नाहीत. डोंगरातल्या झऱ्यासाठी ती वस्तू बरी. गटारे, शौचालयांच्या टाक्या आणि वर्कशॉपचे तेल मिसळलेल्या पुराच्या पाण्यात ती बुडवून तोंडाला लावणे हा शुद्ध धोका आहे, आणि पुस्तिकेत त्याविषयी एक ओळही नाही.

याउलट आपल्या घरांत जे पूर्वीपासून होत आले तेच येथे अधिक भरवशाचे आहे. विसर्गाची किंवा अतिवृष्टीच्या इशाऱ्याची बातमी आली की पिंप, हंडे, कळशा, कुकर, जे भांडे झाकता येते ते सर्व नळाच्या पाण्याने भरून ठेवावे. नंतर गढूळ पाणी आलेच तर ते दुहेरी सुती फडक्यातून गाळावे, तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचे नितळ पाणी काढून घ्यावे आणि ते खळखळून उकळावे. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोरचे थेंब वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकले तर ते गाळातच खर्ची पडते. क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी या बॅगेत असती तर गाळण-नळीच्या कितीतरी कमी किमतीत मोठे काम झाले असते.

खाण्याचा विभाग वाचून हसू येते. प्रत्येकी एकेक ‘एनर्जी बार’ दिवसाला तीन वेळा, असा हिशेब मांडला आहे, आणि त्यांची चव भुश्याला साखरेचा पाक लावल्यासारखी आहे. मुलाने एक तुकडा चावून उरलेला परत कागदात गुंडाळला. शिवाय बॅग आमच्या हाती आली तेव्हा बारवरच्या मुदतीतली निम्म्याहून अधिक संपलेली होती. पोटाला ओळखीचे अन्न आणीबाणीत अधिक चालते, हे घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. राजगिऱ्याचे लाडू, गुळाची चिक्की, भाजलेले फुटाणे, खाकरे, खजूर, सातूचे पीठ हे सारे रविवार कारंजापासून मेन रोडपर्यंत चालत गेले तरी मिळते, चूल न पेटवता खाता येते आणि महिनाभर सहज टिकते. शेंगदाणे मात्र पावसाळ्यात लवकर खवट होतात, तेव्हा ते हवाबंद डब्यातच ठेवावेत. आणि नाशिकचा चिवडा कितीही प्रिय असला तरी तो या पिशवीत भरू नये. त्या तिखट-मिठाने तहान वाढते आणि पाणी तर मोजूनच प्यायचे असते.

प्रथमोपचाराचा डबा दिसायला भरगच्च आहे, पण उघडल्यावर निम्मी जागा चिकटपट्ट्यांनी व्यापलेली निघाली. जंतुनाशक, गॉज, गुंडाळपट्टी, कात्री ठीक आहेत. जलसंजीवनीची पाकिटे नाहीत, आणि पुरानंतर सर्वांत आधी जुलाबाची साथ येते हे लक्षात घेता ही त्रुटी गंभीर आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावे. मीठ अंदाजाने टाकू नये. त्याहून मोठा प्रश्न रोजच्या औषधांचा. रक्तदाबाची, थायरॉइडची, फिट्सची औषधे कोणताही विक्रेता बॅगेत घालू शकत नाही, ती आपणच किमान आठवडाभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह ठेवायची असतात. इन्सुलिन घेणाऱ्यांची चिंता फ्रीज बंद पडण्याची असते. सर्वसाधारणपणे वापरात असलेली बाटली चार आठवड्यांपर्यंत खोलीच्या तापमानाला चालते, न उघडलेल्या बाटल्या ओलसर मडक्यात थंड ठेवता येतात. तरी आपल्या बाटलीविषयी औषध दुकानदाराला आताच विचारून ठेवलेले बरे. सासूबाईंच्या चष्म्याचा जुना, पण चालणारा जोड आम्ही याच डब्यात ठेवला आहे. चष्म्यावाचून त्यांना औषधाच्या पट्टीवरचे नाव वाचता येत नाही, आणि अंधारात चुकीची गोळी जाणे ही कल्पनाच नको.

चांदीच्या कागदासारखी चार पांघरुणे, दोरी, शिट्टी आणि रासायनिक प्रकाशाच्या कांड्या याही बॅगेत आहेत. पांघरूण हलके आहे आणि भिजलेल्या माणसाला वाऱ्यापासून वाचवते, तेव्हा ते ठेवावे. मात्र महापालिकेच्या शाळेच्या फरशीवर रात्र काढायची तर साधी सोलापुरी चादर लागेल. दोरीवर वजन पेलण्याची मर्यादा लिहिलेली नाही, म्हणून ती कपडे वाळत घालण्यापलीकडे, विशेषतः वाहत्या पाण्यात कोणाला ओढून काढण्यासाठी, वापरू नये. शिट्टी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ढिगाऱ्याखाली किंवा छतावर अडकलेल्या माणसाचा घसा लवकर बसतो, शिट्टीला तो त्रास नाही. बॅगेत एकच दिली आहे, ती माणशी एक हवी.

भूकंपाचा विचार नाशिकमध्ये कमी होतो. भूकंपप्रवणतेच्या ज्या नकाशावर आजवर बांधकामांचा हिशेब होत आला, त्यात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात मोडते, आणि दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन) संस्थेत जिल्ह्यातल्या धक्क्यांच्या नोंदी होतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता, म्हणून नकाशावर निर्धास्त राहणे बरोबर नाही. पण भूकंपात बॅगेचा प्रश्न नंतर येतो. कपाटे भिंतीला ठोकून घेणे आणि पलंगावरचे जड फोटो उतरवणे हे काम कोणतीही बॅग करत नाही.

सोबतच्या पुस्तिकेविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तयारीतली अर्धी मदत तिच्यातूनच मिळायला हवी होती. ती इंग्रजीत आहे, तिच्यात चक्रीवादळाच्या सोंडेपासून तळघरात कसे लपावे याची दोन पाने आहेत, आणि मदतीसाठी छापलेला क्रमांक ९११ आहे. नाशिकमध्ये तळघर शोधायचे तर पार्किंगमध्ये जावे लागेल, आणि पुरात तेच आधी भरते. आपल्याकडे लागणारे क्रमांक ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे आहेत. ते कागदावर ठळक लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत, कारण फोन बंद पडला की त्यात साठवलेले क्रमांकही त्याच्याबरोबर जातात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि विजांसाठीचे ‘दामिनी’ ही दोन्ही ॲप मोफत आहेत. नदीकाठच्या वाचकाला पुस्तिकेने पहिला प्रश्न विचारायला हवा होता तो पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. आपले घर कोणत्या रेषेच्या आत आहे हे महापालिकेच्या नगररचना विभागात समजते. निळ्या रेषेच्या आत असणाऱ्याने घर सोडण्याची पिशवी आधी भरावी. लाल रेषेच्या बाहेर असणाऱ्याने पाण्याची पिंपे आधी घ्यावीत.

कागदपत्रांसाठी दिलेले पारदर्शक पाकीट चांगले आहे. त्यात आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, विम्याच्या पॉलिसीची प्रत आणि घराच्या कागदांच्या प्रती ठेवाव्यात, मूळ कागद डिजीलॉकरमध्ये उपलब्ध असतील तर तेही पाहून घ्यावे. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो, त्या वेळी घरात काय होते हे दाखवण्यासाठी आताच प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवणे हा एक फुकटचा, पण फार उपयोगी उपाय आहे. रोख रक्कम सुट्या नोटांत ठेवावी. वीज नसताना क्यूआर कोड कोणी घेत नाही.

आणखी एक प्रसंग या बॅगेच्या जाहिरातीत ‘गर्दी’ या शब्दाने उल्लेखलेला आहे, आणि सिंहस्थ तोंडावर असताना तो सोडून देता येत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. अशा गर्दीत पाठीवर मोठी बॅग असणे हाच धोका आहे. ती अडकते, ओढली जाते आणि मागच्याला पुढचे दिसू देत नाही. तिथे मुलाच्या खिशात नाव-फोनची चिठ्ठी, पायात पट्ट्याची चप्पल, आणि चुकामूक झाल्यास भेटण्याचे आधी ठरवलेले ठिकाण, एवढीच तयारी चालते. बॅग घरी ठेवावी.

खर्चाचा हिशेब मांडला तर रेडिओ, टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराचे सामान, शिट्ट्या आणि साधी मजबूत पाठपिशवी स्वतंत्रपणे घेतल्यास तीन हजारांच्या आसपास जमते, आणि उरलेल्या पैशांत झाकणाचे मोठे पिंप, क्लोरीनच्या गोळ्या आणि कोरडा खाऊ येतो. मेन रोडवर अर्धा दिवस घालवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना तयार बॅग घेण्याचे कारण उरत नाही. परगावी राहून नाशिकमधल्या वृद्ध आई-वडिलांसाठी घरपोच काही पाठवू इच्छिणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, पण मिळाल्यावर घर सोडण्याची आणि घरात राहण्याची अशा दोन पिशव्यांत विभागायला आणि बार काढून टाकायला कोणाला तरी घरी पाठवावे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल तक्रार आणि कौतुक दोन्ही आहे. टॉर्चचे बटण अडकत होते; चित्रफीत पाठवल्यावर दुसरा संच विनामूल्य आला. निम्म्याहून अधिक मुदत सरलेल्या बारबद्दल मात्र ‘खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले, आणि पुस्तिकेतला ९११ बदलण्याविषयी लिहिलेल्या पत्राला हे परीक्षण लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.